दुसऱ्यांसाठी विणणाऱ्यांचा बुधवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दर बुधवारी दुपारी दादरला एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. नवजात बाळं, कॅन्सरचे रुग्ण, आश्रमशाळेतली मुलं यांच्यासाठी टोपडी, पायमोजे, दुपटी, स्वेटर विणतो आणि पोचवतो. नवीन येणाऱ्या बायका जे विचारतात त्यातलं निम्मं विणकामाचं असतं. उरलेलं निम्मं त्या निघताना, पर्स आवरता आवरता विचारतात. इथे दोन्ही आहे.

मला विणता येत नाही. आले तर चालेल?

चालेल. सुलट टाका एका दुपारी जमतो, आणि नुसत्या सुलट टाक्यांचा चौकोन विणता आला की तुम्ही कामाला लागलात. असे चौकोन जोडून आम्ही पांघरुणं करतो. ही युक्ती आमची नाही. अमेरिकेत एव्ही रोझेन यांनी १९९१ साली ‘वॉर्म अप अमेरिका’ सुरू केलं ते याच हिशेबाने: अख्खं पांघरूण विणायला कोणाला सवड नसते, पण ७ बाय ९ इंचांचा तुकडा कोणीही पुरा करतं. आपल्याकडे चेन्नईच्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ३१ जानेवारी २०१६ रोजी ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण मांडून गिनेस विक्रम केला, तोही असाच, घरोघरी विणलेले तुकडे एकत्र आणून.

आमच्याकडे जोडायचं काम ज्यांना आवडतं त्या करतात. जोडणं कोणाला कसं आवडू शकतं हे मला अजून कळलेलं नाही, पण अशा बायका आहेत आणि त्यांना जपावं.

फक्त क्रोशा येतो. दोन सुयांवरचं येत नाही.

काही बिघडत नाही. बाळाच्या टोपीला दोन्ही चालतं.

येताना काय आणू?

१० नंबरच्या सुया, लोकरीचा एक गुंडा आणि चष्मा. चष्मा विसरणाऱ्या बायका लोकर विसरणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत.

नंबरांबद्दल एक खुलासा, कारण यूट्यूबवर बघून येणाऱ्या हमखास इथे अडकतात. आपल्या दुकानात मिळणाऱ्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात. नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५. अमेरिकन पॅटर्नमध्ये उलटं असतं, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. त्यामुळे पॅटर्न वाचताना नंबर सोडा आणि मिलिमीटर बघा. नाहीतर नवजात बाळासाठी घातलेली टोपी बाळाच्या बाबाला बसते.

मुंबईत लोकरीचं काय करायचं? इथे थंडी कुठे असते?

हा प्रश्न बहुतेक वेळा नवरे विचारतात. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर आला होता, पण तो अपवाद. एरवी मुंबईकराचा स्वेटर महाबळेश्वरच्या सहलीसाठीच बाहेर निघतो, हे मान्य.

पण बाळाचं गणित वेगळं आहे. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि उघडं राहिलं तर तिथून बरीच ऊब जाते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबीही फारशी नसते, त्याला स्वतःला ऊबदार ठेवणं कठीण जातं. म्हणून मे महिन्यातसुद्धा वॉर्डात टोपी लागते. ‘कांगारू मदर केअर’ तुम्ही ऐकलं असेल. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली, कारण तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते. बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवतात, आणि त्या वेळी त्याच्या अंगावर असतं काय, तर लंगोट, टोपी आणि पायमोजे.

किमोथेरपीने केस गेलेल्या माणसाला एसी वॉर्डात डोक्याला गार लागतं, ते वेगळंच. आणि स्वेटर म्हणाल तर जव्हार-मोखाड्याकडे डिसेंबरात एक पहाट काढून बघा.

लोकर कोणती घ्यायची?

बाजारात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं, लुधियानाहून येणारं. स्वस्त, रंगांना तोटा नाही, मशीनमध्ये धुता येतं. आश्रमशाळेच्या स्वेटरला आम्ही तेच वापरतो. पण ते आगीजवळ वितळतं आणि कातडीला चिकटतं, म्हणून ज्या घरात चूल पेटते तिथल्या लहान मुलांसाठी जमेल तेव्हा खरी लोकर किंवा जाड सुती धागा घेतो. किमोच्या टोप्यांना मऊ सुती धागाच. टाळू त्या काळात इतकी हुळहुळी होते की आतली शिवणही टोचते, म्हणून शिवण नसलेली गोल टोपी बरी.

बाळाच्या कपड्यांना बटणं नकोत, सुटणाऱ्या फिती नकोत, केसाळ लोकर नको. पायमोज्याच्या आत लोंबते धागे ठेवू नका. बाळाच्या बोटाला धागा गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा तुटू शकतो. एका टोपीला साधारण २० ग्रॅम लोकर लागते, म्हणजे ५० ग्रॅमच्या गुंड्यात दोन आरामात होतात.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवायच्या नाहीत. पावसाळ्यात दमट हवेमुळे मोह होतो. पण त्यांतल्या नॅप्थलिनने काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना हा धोका असतो, आणि कोणत्या बाळाला ती आहे हे बघून कळत नाही. कडुलिंबाचा वाळवलेला पाला ठेवा.

विणलेलं थेट रुग्णालयात नेऊन दिलं तर?

आधी विचारा. परळला टाटा, केईएम, वाडिया अशी मोठी रुग्णालयं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, पण प्रत्येक रुग्णालयाचे, कधी कधी प्रत्येक वॉर्डाचे नियम निराळे. संसर्गाच्या भीतीने काही ठिकाणी बाहेरचे कपडे घेत नाहीत, आणि त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला किंवा वॉर्डाच्या सिस्टर इन्चार्जना विचारायचं: काय हवं, कोणत्या मापाचं, धुऊन कसं द्यायचं. बाहेरगावहून आलेले कॅन्सरचे रुग्ण महिनोन्‌महिने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहतात. त्यांना काय लागतं हेही आधी विचारावं. आपल्याला विणायला आवडतं म्हणून त्यांना ते हवंच असेल असं नाही.

क्रोशाचे ऑक्टोपस विणू का? खूप गोड दिसतात.

गोड दिसतात खरे. २०१३ साली डेन्मार्कमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ते करायला सुरुवात झाली. त्यात सुती धागाच हवा, पाय ताणल्यावर २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत, वीण इतकी घट्ट की आतलं भरण दिसू नये. वॉर्डाने मागितले तर विणा. कोणी मागितलं नसताना आम्ही विणत नाही.

मी फारशी बोलकी नाही. ओळख करून द्या, अनुभव सांगा, असलं काही असतं का?

नाही. आलात, खुर्ची ओढलीत, विणायला लागलात, एवढंच. नावसुद्धा पहिल्या चहाच्या वेळी कोणीतरी विचारतं.

इथे बोलणं कसं होतं ते सांगते. हातात काम असलं की समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. दोघींच्या नजरा सुईवर असतात, मध्येच कोणी टाके मोजायला थांबतं आणि बोलणं तुटलं तरी वाईट दिसत नाही. त्यामुळे ज्या गोष्टी घरी जेवणाच्या टेबलावर कधी निघत नाहीत त्या इथे निघतात. मुलगा बोलत नाही. रिपोर्ट आलाय, उघडलेला नाही. रिटायर झाल्यापासून यांना घरात सहन करणं कठीण झालंय (हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं). कोणी उत्तर देतं, कोणी नुसतं ‘हं’ म्हणतं आणि ओळ पुरी करतं. ते ‘हं’ पुष्कळदा पुरतं.

वर्षभर येऊन काहीच न सांगणाऱ्याही आहेत. त्यांना कोणी खोदून विचारत नाही. खोदून विचारणारी आली तर तिला हळूच जोडायच्या कामाला बसवतो, म्हणजे तोंडात सुई धरावी लागते.

गटातली एखादी आजारी पडली तर नक्की काय करता?

‘काही लागलं तर सांग’ असं म्हणत नाही. आजारी माणसाला काय लागतं हे शोधून, शब्दांत मांडून, वर संकोच गिळून फोन करायचा, एवढं काम आपण त्याच्यावरच टाकतो. त्याऐवजी ठरलेल्या गोष्टी विचारायच्या, ज्यांचं उत्तर हो-नाहीत येईल. मंगळवारचा डबा मी पाठवू का? सोनोग्राफीला सोबत येऊ का? तुझ्या बाबांना बँकेत मी नेऊ का?

डब्यांची पाळी लावतो. यात दोन गोष्टी अनुभवाने ठरल्या. एक, डबा परत न्यायची वाट बघायची नाही. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून पाठवायचं. ऑपरेशन होऊन आलेल्या बाईला कोणाचा कुठला डबा हे लक्षात ठेवायला लावू नये. दोन, सगळ्यांनी मऊ भात आणि मुगाची आमटी पाठवायची नाही. आजारपण लांबलं की माणूस चवीला तरसतो. पथ्य विचारून घ्या आणि मग थालीपीठ, लिंबाचं गोड लोणचं, अळूवडी, जे चालेल ते पाठवा.

भेटायला जाताना विणकाम घेऊन जायचं. रिकाम्या हातांनी खुर्चीत बसलेला पाहुणा आजाऱ्याला जड होतो, त्याच्याशी बोलत राहावं लागतं. विणणारी बाई तासभर गप्प बसली तरी विचित्र वाटत नाही. आजारी बाई तेवढ्यात डोळा लावून घेते. घरच्या माणसाला या तासात केस धुवायला किंवा खाली भाजी आणायला मोकळीक मिळते. विसरायच्या आजाराने झोपवलेल्या नवऱ्याला सोडून जी बाहेर पडू शकत नाही, तिच्या घरीच आम्ही मधूनमधून बुधवार भरवतो. त्यांनाही गुंडा गुंडाळायला दिला की बराच वेळ शांत असतात.

आणि आजारपण नसेल तेव्हा? रोजच्या कामांत काही मदत होते?

तीच जास्त होते. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याची गडबड असते (८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो). आता फोनवर चेहरा दाखवून ‘जीवन प्रमाण’ काढता येतं, पण ज्यांच्या बोटांना आणि डोळ्यांना ते जमत नाही त्यांच्याजवळ कोणीतरी बसतं. प्रकाश खिडकीतून यावा लागतो, पंखा बंद करावा लागत नाही, डोळे मिचकावायचे, असल्या बारीक सूचना आमच्यात आता पाठ आहेत.

फसवणुकीचे फोन हा दुसरा विषय. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे फोन एकट्या राहणाऱ्या आजींना येतात. डिजिटल अटक असला प्रकार कायद्यात नाही. आमचा नियम सोपा: असा फोन आला की ठेवायचा आणि गटातल्या कोणालाही लावायचा, रात्रीचे अकरा असले तरी. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायची. जितकी लवकर, तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

उसने पैसे?

देत-घेत नाही. भिशीही नाही. पैशांची नड असेल तर कुठल्या ट्रस्टकडे अर्ज करायचा, कोणती कागदपत्रं लागतात, हे शोधायला दोघी सोबत बसतात. गटातल्या गटात उधारी झाली की देणारी आणि घेणारी, दोघी यायच्या बंद होतात.

माझे यजमान नुकतेच गेले. मुलगी म्हणते गटात जा. मला रडू आलं तर?

येऊ दे. पाणी देतो, पंखा वाढवतो, विणणं चालू ठेवतो. कोणी मिठी मारायला धावणार नाही, तुम्हीच हात पुढे केलात तर गोष्ट वेगळी.

पहिले काही आठवडे मोजायची वीण घेऊ नका. दुःखात टाके मोजता येत नाहीत, डोकं मध्येच कुठेतरी जातं. नुसता सुलट चौकोन घ्या. बुधवार सोडून बाकीच्या दिवशी घरात सगळ्यात जड जाते ती वेळ बहुतेकींची संध्याकाळची, चहाची असते. तेव्हा फोनची पाळी लावून घेऊ, पण तुम्ही हो म्हणालात तरच.

आम्ही समुपदेशक नाही. झोप उडून बरेच दिवस झाले असतील, जगणं नकोसं वाटत असेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. लावताना सोबत बसायला कोणीतरी येईल.

एखादीचं काम अर्धवट राहिलं तर?

म्हणजे ती गेली तर, असं विचारायचं असतं. गटात वयस्कर बायका आहेत, प्रश्न नेहमीचा आहे.

घरच्यांना विचारतो. काहींना ते सुईवरचं तसंच ठेवायचं असतं, मग आम्ही फक्त टाके सुटू नयेत म्हणून दोरा ओवून देतो. ‘तुम्ही पुरं करा’ म्हणाले तर करतो. अडचण हाताची असते. प्रत्येकीचा हात वेगळा, कोणाचा घट्ट, कोणाचा सैल, आणि जिथे हात बदलला ती ओळ लांबूनही दिसते. लपवायचं असेल तर नव्या रंगाची पट्टी तिथूनच सुरू करायची, म्हणजे वाटतं मुद्दामच केलंय. माझं स्वतःचं मत, लपवू नये. बाळाला काही फरक पडत नाही आणि आम्हाला ती ओळ कुठे आहे हे माहीत असलेलं बरं वाटतं. पण यावर गटात एकमत नाही.

स्तनाच्या ऑपरेशननंतर वापरायचं काही विणता का?

हो. ‘निटेड नॉकर्स’ म्हणून अमेरिकेतून पसरलेला उपक्रम आहे: मऊ सुती धाग्याचे हलके कृत्रिम स्तन, गरजू स्त्रियांना मोफत दिले जातात. ठरलेला धागा आणि ठरलेला पॅटर्नच वापरायचा, यात कल्पकता नको. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली की मगच वापरायचे. हे काम शिकवणाऱ्यांत स्वतः त्या ऑपरेशनमधून गेलेली आमची एक मावशी आहे. खासगीत काही विचारायचं असेल तर तिच्याशेजारची खुर्ची शोधा.

लोकलमध्ये विणलं तर चालतं का?

बसायला मिळालं तर. लेडीज डब्यात भाजी निवडण्याइतकंच ते जुनं आहे. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सोडली, तिथे तर कितीतरी स्वेटर निम्मे प्रवासातच व्हायचे. आखूड किंवा गोल सुया घ्या, टोकं शेजारणीकडे नकोत. दादरला उतरायचं असेल तर माटुंग्यालाच पिशवीत भरा.

पुरुष चालतात?

चालतात. दोन येतात. एकांचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा एकसारखा आहे आणि ते त्यांना माहीत आहे.

भांडणं होतात?

होतात, आणि विषय क्षुल्लक असतात. पंख्याखालची खुर्ची. कोणी किती टोप्या विणल्या. विशेषतः दुसरं. एके काळी भिंतीवर तक्ता होता, तो काढून टाकला, कारण संधिवात असलेल्या बायका आकडा कमी पडतो म्हणून यायला कचरायला लागल्या. आता मोजतो फक्त पेटी भरताना.

राजकारण आणि सोसायटीची पार्किंग, हे दोन विषय हॉलच्या दाराबाहेर.

मनगट दुखतं, बोटं बधिर होतात.

थांबा. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून हात मोकळे करा, जाड सुई घ्या, कोपर टेकवून बसा. रात्री मुंग्यांनी जाग येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, गटात उपाय विचारत बसू नका. इथे प्रत्येकीकडे एक तेल आहे.

देणगीची पावती मिळते का? ८०जी?

नाही. ८०जीची, म्हणजे आयकरातली, वजावट पैशांच्या देणगीला असते, वस्तूंना नाही. लोकर दिलीत तर चहा मिळेल.

ज्यांना वस्तू मिळतात त्यांचे फोटो बघायला मिळतील?

नाही, आणि कृपया मागू नका. नळ्या लावलेल्या बाळाचा किंवा केस गेलेल्या बाईचा फोटो आपल्या समाधानासाठी काढायचा नसतो. टोपीवर तुमच्या नावाची चिठ्ठीही लावत नाही. पेटी पोचल्याचा निरोप वॉर्डातून आला की तो बुधवारी सगळ्यांना वाचून दाखवतो. कधी ‘मिळाल्या, धन्यवाद’ एवढाच असतो. कधी ‘पुढच्या वेळी जरा लहान पाठवा’.

थंडीसाठी स्वेटर कधीपर्यंत द्यायचे?

दिवाळीआधी. गाडी पोचायला, माप लावून वाटायला वेळ जातो. संक्रांतीला दिलेला स्वेटर पुढच्या वर्षी त्या मुलाला होत नाही. म्हणून विणायला सुरुवात गणपतीआधी करा, उकाडा असला तरी. मांडीवर लोकर नको वाटत असेल तर बाह्या आधी विणा, त्या लहान असतात.